काडपापा

जांबोटी सबस्टेशनात ब्रेकर पडला
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
बॅटरी घेतली, दोर घेतला,
खांब मोजत लाईन चालत निघालो.
एकशे चौदापर्यंत काही नाही.
एकशे पंधरावर
जंपरला धरून कोणीतरी बसलेलं.

मुठीएवढं. आधी वाटलं चिंधी.
चिंधीनं डोळे उघडले.

सतरा वर्षं खांबावर चढतोय.
तारेवरून वटवाघळं काढलीत, धामण काढलीय,
एकदा कुणाच्या तरी लग्नातली उडून आलेली साडी.
सगळी मेलेली, साडीसुद्धा.
हे मात्र सोडत नव्हतं.
तारेवरनं हात सोडवला
तर माझ्या हातमोज्याचं बोट धरलं,
आणि खांब उतरेपर्यंत, गाडीवर,
फॉरेस्टच्या गेटापर्यंत
धरूनच राहिलं.

गार्ड सावक्का गोकाककडची, नोकरीला नवी.
तिला मराठी अर्धी येते, मला कन्नड पाऊण.
"अय्यो, पापा," ती म्हणाली.
पापा म्हणजे त्यांच्यात लेकरू.
पाप म्हणजे बिचारं.
काडपापा, रानातलं लेकरू.
हे मला ठाऊक आहे,
आमच्याकडं पोर दोन्ही भाषांत रडायला शिकतं.
तरी त्या रात्री तो शब्द
मला मराठीतच ऐकू आला.

कारण तार मीच ओढलेली.
रानातल्या सात घरांत तेव्हा पहिला बल्ब लागला,
म्हाताऱ्या रुक्माक्कानं माझ्यासाठी कोंबडं कापलं,
आणि बल्बाला हळदकुंकू लावायला गेली
तर चटका बसला. हसलो होतो सगळे.

बेळगावच्या डॉक्टरनं तीन बोटं काढली.
म्हणाला, जगलं तर जगलं.
टोमॅटोचं क्रेट, आत सावक्काचा जुना युनिफॉर्म.
केळं नको. दूध नको.
त्याला हवं हलणारं, पाय झाडणारं.
मग गेटासमोरच्या खांबावर मी दिवा जोडला,
खाली पांढरी चादर.
अंधार पडला की चादरीवर नाकतोडे, पतंग,
नाव नसलेले हिरवे किडे
टपाटप.
करंट तोच. या दिव्याला मीटर नाही,
साहेबांना सांगू नका.

"काय करुलालास रे हितं रोज?"
चहाच्या टपरीवरचा भरमाण्णा विचारायचा.
"लाईन तपासुलालोय."

रोज संध्याकाळी उठलं की
ते स्वतःच्या मुतानं हात धुवायचं.
हसू नका, तशी त्याची रीतच आहे.
पाचही बोटं चोळून चोळून धुवायचं,
असलेली दोन,
आणि नसलेली तीन.
ते बघून मी एकदा बाहेर जाऊन उभा राहिलो.

व्हरांड्यात माझाच दोर बांधला, आडवा.
पडायचं. पुन्हा चढायचं. पुन्हा पडायचं.
चतुर्थीला चढवलं, दसऱ्याला पडत होतं,
दिवाळीच्या फटाक्यांत तर चार दिवस क्रेटातनं बाहेर नाही.
मग एका पहाटे बघतो
तर दोराच्या मधोमध उलटं लटकून
ते नाकतोडा खातंय, पंख आधी काढून,
सावकाश,
जसं आपल्याला कुठं जायचंच नाही.

मार्गशीर्षातली अवस.
मी फीडरची एल.सी. घेतली.
रजिस्टरात कारण लिहिलं: फांद्या छाटणी.
सतरा वर्षांतलं पहिलं खोटं नाही,
पण पहिलं आवडलेलं.
बारा गावं विझली.
सावक्कानं बॅटरीला लाल पिशवी बांधली होती,
तेवढ्या उजेडात जांभळीचं खोड, माझा हात,
हातावर ते.

फोन वाजला. गिरणीवाला.
पुन्हा वाजला. पंचायतीचा मेंबर.
"लाईट कवा?"
"पाच मिनिटं."
ते माझं बोट धरून होतं अजून.
मी हलवलं नाही.

कधी सोडलं कळलं नाही.
बोटाला थोडा गारवा लागला, एवढंच.
सावक्कानं पिशवी वर केली. पानं. पानं.
"पोचलं असंल?" तिनं विचारलं, मराठीत.

कुठं म्हणून सांगू?
झाडांना नंबर नसतात.